आरपार दगड

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या वर्गाच्या भूम येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘यशाचा मंत्र’. मी म्हटलं, मंत्र मला येत नाही, आणि यशाबद्दल बोलायला आपल्यात माझ्यापेक्षा लायक माणसं बसली आहेत. मग ते म्हणाले, तुला वाटेल ते बोल, पण वीस मिनिटांत आटप, जेवणात आपल्या भूमच्या खव्याचे गुलाबजाम आहेत. तेव्हा वीस मिनिटं तुमच्याकडून उसनी घेते.

मला बोलायचं आहे ते नम्रतेबद्दल, आणि माणूस आतून सरळ असण्याबद्दल. त्यासाठी मी आधार घेणार आहे येशू ख्रिस्तानं डोंगरावर केलेल्या प्रवचनाचा. काहींच्या भुवया वर गेल्या, दिसल्या मला! मी धर्मानं ख्रिस्ती नाही आणि कोणाला कुठं न्यायलाही आलेले नाही. पण आपण ज्या गावात वाढलो त्याचं ग्रामदैवत आलमप्रभू. आपल्याच तालुक्यात कुंथलगिरी आहे, जिथं १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला. सगळीकडचं चांगलं ऐकायची सवय आपल्याला गावानंच लावली आहे.

या प्रवचनापाशी मला आणलं लक्ष्मीबाई टिळकांनी. शाळेत असताना ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे मला एका गमतीदार बाईंची गोष्ट वाटायची. नोकरी लागल्यावर सगळं पुस्तक वाचलं आणि लक्षात आलं, हसवता हसवता ही बाई किती मोठं सांगून जाते. मग प्रश्न पडला, रेव्हरंड ना. वा. टिळकांसारखा कवी ज्या मजकुरामुळे घरदार पणाला लावतो, त्या मजकुरात आहे तरी काय? म्हणून मी तो वाचला.

मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन अध्याय हे प्रवचन आहे. अर्ध्या तासात वाचून होतं. सुरुवातीलाच एक यादी येते, धन्य कोण कोण त्याची. आपण ‘धन्य’ हा शब्द कसा वापरतो? ‘धन्य आहेस बाई तू!’ म्हणजे हात जोडले तुझ्यापुढं. आणि खरंच कोणाला धन्य म्हणायचं झालं तर ज्याचं पोरगं अमेरिकेत आहे त्याला, ज्याला निवडणुकीत गुलाल लागला त्याला. त्या यादीत यातलं कोणीच नाही. तिथं आहेत मनानं गरीब असलेले, शोक करणारे, सौम्य माणसं, न्यायासाठी भुकेले-तहानलेले, दयाळू, निर्मळ मनाचे, भांडणं मिटवणारे आणि चांगल्या कामापायी छळ सोसणारे. ज्यांना आपण बिचारे म्हणून बाजूला ठेवतो, त्यांनाच तिथं पहिल्या रांगेत बसवलं आहे.

पुढं तो उपदेश आत आत शिरत जातो. खून करू नये हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हा गुरू म्हणतो, खून तर दूरच, आधी मनातला राग बघ. मग तो तीन चांगल्या कामांची उदाहरणं घेतो : दान, प्रार्थना आणि उपास. ही कामं लोकांनी बघावीत म्हणून केलीस, तर लोकांनी बघितलं, हिशेब तिथंच मिटला. आपली आजी काय म्हणायची? या हाताचं त्या हाताला कळू नये. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही आपल्या बोलण्यातली म्हण. हे दोन्ही दृष्टान्त त्या प्रवचनात जसेच्या तसे भेटतात. मला वाचताना परक्या घरी आल्यासारखं वाटलंच नाही. मराठी बायबलात या आतल्या सरळपणाला ‘नीतिमत्त्व’ असा शब्द आहे. शब्द जरा जड आहे. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा लावते : आत एक, बाहेर एक, असं नसणं.

आता टिळकांची गोष्ट. १८६१ साली कोकणात करजगावी जन्मलेला हा माणूस. संस्कृताचा अभ्यासक, कवी आणि स्वभावानं तापट. १८९३ साली नोकरीसाठी राजनांदगावला रेल्वेनं जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. काव्यावर गप्पा झाल्या. उतरताना त्यांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि सांगितलं की हा नीट वाचलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना त्या वेळी ते खरं वाटलं नाही. पण वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांना पुढं हलवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्याची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी. नवरा जिवंत असून दुरावलेला, पदरात लहान मुलगा, नातेवाइकांच्या आधारानं काढलेली वर्षं. ही बाई ज्या घरात वाढली तिथं वडील सोवळ्याच्या बाबतीत टोकाचे होते. बाजारातून आलेल्या वस्तूही धुऊन घ्यायच्या, असा दंडक. काही वर्षांनी त्या टिळकांकडे राहायला आल्या, तरी सोवळं सोडलं नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. मग एके दिवशी, कोणी वाद न घालता, बाईंच्या मनानंच कौल दिला की ही जातपात देवानं केलेली नाही, माणसांनी केली आहे. त्यानंतर कोणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला यात मोठं वाटतं ते धर्मांतर नव्हे. धर्म बदलला की माणूस बदलतोच असं कुठं आहे? मोठं वाटतं ते हे, की बाहेरच्या धुण्यापुसण्यात सगळं आयुष्य गेलेल्या बाईनं एकदा आत बघितलं, आणि आत जे दिसलं त्याप्रमाणे दुसऱ्या दिवसापासून वागली. जेमतेम लिहिता-वाचता येणारी ही बाई. पुढं टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ तिनं लिहीत नेलं, आणि १९३४ पासून भागाभागानं आलेली ‘स्मृतिचित्रे’ मराठीतल्या सर्वांत उत्तम आत्मचरित्रांत धरली जातात. त्यात नवऱ्याचा तापटपणा लपवलेला नाही आणि स्वतःची फजितीही झाकलेली नाही. राग आवरा हे सांगणाऱ्या प्रवचनानं भारलेला माणूस घरात रागावतो, हे तिनं लिहून ठेवलं. तरी पुस्तक मिटताना टिळक आपल्याला लहान वाटत नाहीत. झाकपाक नाही, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो.

टिळक सांगायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. म्हणून त्यांनी शिकवण सांगितली ती अभंगांतून, भजनांतून. त्यांची शेकडो भजनं मराठी ख्रिस्ती मंडळी आजही उपासनेत गातात. त्यांच्याही आधी, १६१६ साली, गोव्याकडे फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. दहा हजारांवर ओव्या. जन्मानं इंग्रज माणूस, पण आपली भाषा शिकला, ओवी शिकला आणि मग बोलला. दुसऱ्याच्या दारात जाताना चपला बाहेर काढतात, तसं हे. आणि १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. ते संन्यस्त वृत्तीनं साताऱ्याला राहिले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांनी, १९१९ साली, ते गेले.

आता एक शंका तुमच्याही मनात असेल, विशेषतः मैत्रिणींच्या. नम्र राहा, खाली मान घालून चाल, उलट बोलू नकोस, हे मुलींना वेगळं शिकवावं लागत नाही. ते बाळकडूतच मिळतं. गरिबालाही नम्रता शिकवावी लागत नाही. मग हे प्रवचन म्हणजे दबलेल्यांना आणखी दबून राहायला सांगणं आहे का? मला तसं वाटत नाही, आणि त्याला साक्ष आहे पंडिता रमाबाईंची.

आपल्यातले जे शिकायला पुण्याला गेले ते कुर्डुवाडीहून रेल्वेनं गेले. दौंड सुटलं की थोड्या वेळानं केडगाव लागतं. तिथं रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचं संस्कृत ऐकून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या विशीत होत्या. १८८२ साली हंटर आयोगापुढं उभं राहून त्यांनी सरकारला सांगितलं की या देशातल्या बायकांना स्त्री डॉक्टर हव्यात. ही बाई कोणापुढं दबणारी नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ, उपाशी मुली आणल्या आणि केडगावात वाढवल्या. पुढं सगळं बायबल मराठीत आणायला घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषा मात्र निवडली ती साधी, आपल्या आश्रमातल्या मुलीबाळींना कळेल अशी. छपाईची कामंही केडगावात मुलींनीच शिकून केली. रमाबाई १९२२ साली गेल्या, आणि बायबल पूर्ण छापून बाहेर आलं १९२४ साली. ज्यांच्या जिभेवर सरस्वती होती, त्यांनी आपली विद्वत्ता खाली ठेवून मुलींचे शब्द उचलले. माझ्या लेखी नम्रता ती ही. हिला ताठ कणा लागतो. सरकारपुढं मान वर आणि पोरक्या मुलीपुढं गुडघे जमिनीला.

आणि हे कळायला आपल्याला फार लांब जायचीही गरज नाही. तेरला आपले गोरोबाकाका आहेतच. सगळे संत जमले होते. मुक्ताबाईंनी विचारलं, काका, हे थापटणं कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग आम्हालाही तपासा की, म्हणाल्या. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र रुसले, आणि काका म्हणाले, हे मडकं कच्चं. देव ज्यांच्याशी बोलतो अशी ज्यांची ख्याती, त्यांचंच मडकं कच्चं! गंमत अशी, की आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात टेस्टर नावाची माणसं हेच काम करतात, आणि आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे नामदेवांसारखेच रुसतो. पण नामदेवांचा मोठेपणा रुसण्यानंतरचा आहे. ते विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य होऊन शिकले. नाव मोठं झाल्यावर परत वर्गात जाऊन बसायचं, याला फार मोठी छाती लागते.

आता माझ्या शिक्षणाचं थोडं सांगते. मी पोटापाण्याला सॉफ्टवेअर करते, पण पदवी घेतली स्थापत्य अभियांत्रिकीची. का घेतली, ते इथं बसलेल्या सगळ्यांना सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३. आपण आठवीत होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली ती इथपर्यंत. किल्लारी, सास्तूर ही नावं तोवर आपल्यातल्या कितीजणांना माहीत होती? सरकारी हिशेबानं जवळपास आठ हजार माणसं गेली.

ती का गेली, हे मला कॉलेजात कळलं. आपल्याकडची माळवदाची घरं तुम्हाला आठवतात. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. बघणाऱ्याला वाटावं, किल्लाच आहे. पण ती भिंत खरं तर एक नसते. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक पदर असतो, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत माती आणि दगडगोटे भरलेले. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा लांब दगड अधूनमधून घालावा लागतो. तो घातला नसेल, तर धक्का बसला की बाहेरचा पदर बाहेर पडतो, आतला आत पडतो, आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर येते. भूकंपानंतर पुष्कळ घरांची जी दुरुस्ती झाली, तिच्यात हेच केलं गेलं. भिंतीला ठिकठिकाणी आरपार भोक पाडायचं, त्यात लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. बाहेरून बघाल तर फक्त एक ठिपका दिसतो. पण भिंत एक होते.

ते प्रवचन संपतं तेही घराच्याच दृष्टान्तानं. जो ऐकतो आणि तसं वागतो, त्याचं घर खडकावर. जो नुसता ऐकतो, त्याचं वाळूवर. पाऊस, पूर, वारा दोन्ही घरांना सारखाच येतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आपल्या जिल्ह्यातल्या भिंती आल्या. आपला बाहेरचा पदर चांगला घडवलेला असतो. पगार, पद, बंगला, गाडी, मुलांचे मार्क. आतला पदर आपला आपल्याला ठाऊक असतो. या दोघांना बांधणारा दगड घातला आहे का, एवढंच बघायचं. लक्ष्मीबाईंनी तो घातला. रमाबाईंनी घातला. गोरोबाकाकांचं थापटणं बहुतेक तोच शोधत होतं.

आता शेवटचं. हे बोलायचं की नाही, याचा मी पंधरा दिवस विचार केला.

या मेळाव्यासाठी मुलींना फोन करायचं काम माझ्याकडे होतं. बहुतेकींनी आनंदानं हो म्हटलं. एक मैत्रीण मात्र नाही म्हणाली. तिचं नाव मी सांगणार नाही आणि कोणी अंदाजही करू नये. मी कारण विचारलं तर म्हणाली, ‘अगं, सगळेजण आपापलं सांगतील. मी काय सांगू? आणि शाळेला देणगी द्यायची, त्याचा फलक लागणार म्हणं. रकमेच्या क्रमानं नावं. माझं सगळ्यात खाली येणार. त्यापेक्षा नकोच.’ मी तिला पुष्कळ समजावलं, पण ती आलेली नाही. आणि ती एकटीच आहे असं मला वाटत नाही. आपल्या वर्गातले जे आज इथं नाहीत, त्यातले किती जण कामामुळे आले नाहीत आणि किती जण या क्रमामुळे, ते आपल्याला कधी कळायचं नाही.

ही मुलगी वर्गात कोणाशीही भांडण झालं की मध्ये पडायची. दोघींना एका बाकावर बसवूनच तिला चैन पडायचं. सासरच्या आजारी माणसांचं तिनं वर्षानुवर्षं केलं, हे मला गावातल्या इतरांकडून कळलं, तिच्याकडून नाही. म्हणजे सांगण्यासारखं तिच्याजवळच सगळ्यांत जास्त आहे. त्या धन्य लोकांच्या यादीत आपल्यापैकी कोणाचं नाव लागेल तर ते तिचं. आणि आपला फलक तिला खालची जागा दाखवतो आहे.

फलकाची कल्पना ज्यांनी मांडली त्यांचा हेतू चांगला आहे. शाळेला पाण्याची टाकी आणि संगणकाची खोली हवी आहे, आणि नावं लागली की पैसे लवकर जमतात, हे व्यवहाराला धरून आहे. मला त्यांना दोष द्यायचा नाही. मी फक्त एक विनंती करते. फलक लावू या, पण त्यावर एकच ओळ असू द्या : ‘१९९६ च्या दहावीच्या वर्गाकडून.’ रक्कम नको, नाव नको, क्रम नको. कोणी किती दिलं ते खजिनदाराच्या वहीत राहील, हिशेब चोख हवाच. पण भिंतीवर नको. पैसे थोडे कमी जमतील कदाचित. जेवढे कमी पडतील तेवढ्यांसाठी आपण पुन्हा एकेकाला फोन करू, मी स्वतः करीन. पण उद्या शाळेत त्या मैत्रिणीची नात शिकायला आली, तर तिला त्या फलकाकडे बघून आपली आजी सगळ्यांत खाली होती असं वाचावं लागू नये. ती ओळ तिच्याही आजीची असावी.

आणि दुसरी विनंती त्याहून सोपी. जेवायला बसल्यावर एकमेकांना ‘सध्या काय करतोस, पॅकेज किती’ असं विचारण्याआधी ‘कसा आहेस’ असं विचारू या आणि उत्तर पूर्ण ऐकू या.

सर, बाई, तुम्ही आम्हाला ओळीनं उभं केलंत ते उंचीप्रमाणे. लहान पुढं, उंच मागं, म्हणजे सगळ्यांना दिसावं. मोठे झालो आणि आम्ही ती ओळ उलटी केली. ती परत सरळ करायचं बळ तुमच्या आशीर्वादानं आम्हाला मिळो, एवढंच मागते.

वीस मिनिटं झाली. गुलाबजाम थंड होत आहेत.